निळसर हिरवे लाकूड

सव्वाआठला मी प्रयोगशाळेचे कुलूप काढले, सूक्ष्मदर्शकावरचे कापड घडी करून ठेवले आणि चहाचे पाणी उकळेपर्यंत कालच्या काचपट्ट्या पुसून घेतल्या. लाकडावरची बुरशी ओळखणे हे एकोणीस वर्षांचे माझे काम. माझ्या सहीशिवाय वनखाते जंगलातले एकही झाड रोगट ठरवीत नाही.

चहा गाळत होते तोच धाकटा भाऊ आला. त्याची लाकडाची वखार आहे. त्याने टेबलावर हातभर लांबीचा, निळसर हिरवा ओंडका ठेवला.

"ओढ्याकाठच्या उभ्या झाडातून कापलाय, ताई. रोग आहे असं लिहून दे. अख्खा पट्टा तोडायची परवानगी मिळेल."

"उभ्या झाडातून?"

"झाली सुरू उलटतपासणी! लहानपणापासून तुझं हेच."

मी चाकू घेतला. वरवरची बुरशी खरवडली की निघते. इथे ढलपीमागून ढलपी काढली तरी रंग आतच उतरत गेलेला. एका भेगेत त्याच बुरशीच्या मसुरीएवढ्या हिरव्या वाट्या उगवल्या होत्या. साल नव्हती. अंगठा दाबला तर लाकूड टोस्टसारखे चुरले, आणि खालच्या बाजूला ओली माती चिकटलेली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही बुरशी जिवंत झाडाला शिवतही नाही. मेलेल्या, पडलेल्या लाकडात शिरून ती त्याला रंगवते, एवढेच. जन्म लाकडात काढलेल्या माणसाने नेमका सर्वांत भीतिदायक दिसणारा रंग उचलून आणला होता, आणि विचारायची तसदीही घेतली नव्हती.

"किती वर्षं पडला होता हा जमिनीवर?"

तो हसला. मग खिशातून कागद काढला. अहवाल टंकलेला, खाली माझे नावसुद्धा.

"फक्त सही. बाबा गेल्यापासून तुझ्याकडे काही मागितलंय मी?"

"मला गृहीत धरून आलास, वर बाबांना मध्ये आणतोस? लाज नाही वाटत?"

"म्हणजे भाऊ परका झाला." तो उठला. "दुपारी माणूस पाठवतो. तोवर डोकं शांत कर."

चहा निवला होता. तो मी ओतून दिला आणि अहवालाचा कोरा छापील कागद पुढे ओढला. अक्षरे सावकाश काढली : 'लाकूड काही वर्षांपूर्वी मेलेले, जमिनीवरून उचललेले. बुरशी केवळ रंग देणारी, जिवंत झाडांस निरुपद्रवी. तोडीचे कारण नाही.' 'नमुना आणणाऱ्याशी नाते' या रकान्यात लिहिले : सख्खा भाऊ.

सही केली, शिक्का मारला. ओंडका पिशवीत घातला आणि रस्त्यापलीकडच्या वनकार्यालयाच्या खिडकीत अहवाल आणि ओंडका दोन्ही देऊन पोच घेतली. दुपारी त्याचा माणूस आला, तेव्हा तो टंकलेला कागद मी त्याच्या हाती परत दिला. सहीची जागा कोरीच होती.