दोन बोटं पाणी

मित्रांनो, मी एक जुना मातीचा फिल्टर आहे. जरा भरभर सांगतो, कारण वेळ थोडा उरलाय. तसाही माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळाच!

आम्ही माती आणि लाकडाच्या भुशाचे बनतो. भुसा बारीक चाळायचा, मातीत मळायचा, साच्यात दाबायचा आणि भट्टीत लावायचा. भुसा जळून जातो, त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उरतात. त्यांतून पाणी झिरपतं, घाण मागे राहते. मला घडवलं त्या बाबांची नजर तेव्हा अधू झाली होती. चाळणी फाटलेली त्यांना दिसलीच नाही. जाडाभरडा भुसा खुशाल माझ्या अंगात शिरला.

भट्टी निवायच्या आतच बाबा गेले. मग माझी परीक्षा त्यांच्या लेकीने घेतली. काठोकाठ भरायचं, तासाने बघायचं. पाणी दोन बोटं उतरलं की पास. माझं सहा बोटं उतरलं! बाकीचे अजून रेंगाळत होते. वाटलं, आता शाबासकी मिळणार.

लेक मात्र मटकन खाली बसली. पाणी इतक्या घाईने उतरलं, म्हणजे ते दिसेल नितळ, पण रोग गाळला जाणार नाही. असा फिल्टर जागच्या जागी फोडायचा, हा बाबांचाच नियम. तिने हातोडी उचलली. तेवढ्यात माझ्या काठावर तिला बाबांच्या अंगठ्याचा ठसा दिसला.

"हा त्यांच्या हातचा शेवटचा," ती म्हणाली. "राहू दे घरात, शोभेला."

नऊ वर्षं मी फळीवर बसून काढली. रोज पुसायचे, जपायचे. पण मला मेलं चैन कसलं ते नव्हतं. खाली रोजच्या वापरातला संथ फिल्टर थेंब थेंब करत बसायचा आणि माझा जीव नुसता तळमळायचा.

गेल्या आठवड्यात तो तडकला. लेक कामावर असताना तिच्या पोरीने, बाबांच्या नातीने, मला खाली काढलं आणि भरलं.

"अय्या, हा किती पटपट गाळतो! आई उगाच लपवून ठेवते."

काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं! चार दिवस मी जिवाच्या आकांताने धावलो. पाचव्या दिवशी पोरीने अंथरूण धरलं. जुलाब काही थांबेनात. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिते ही?" आईने रिकाम्या फळीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तेव्हा कुठे मला माझ्या घाईचा अर्थ कळला. फार लाज वाटली, मित्रांनो.

आज पोरगी उठून बसलीय. मी अंगणात आहे आणि आईच्या हातात तीच हातोडी आहे.

"नको ना गं आई, आजोबांचा आहे तो!"

आईचा हात पुन्हा थबकलाय.

सगळ्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी सांगतो, माणसं जपा. ताई, आपण दोघं एकाच हातांत वाढलो, म्हणून हक्काने सांगतो. बाबा असते तर त्यांनी मला तेव्हाच फोडलं असतं. अंगठ्याच्या ठशाचा तुकडा तेवढा ठेव. त्यातून कुणी पाणी पिणार नाही.

मार आता.