नवागतांचा रकाना

"स्क्रू डावीकडे फिरवते. निघत नाही. आता तेल सोडते," असं खणखणीत आवाजात म्हणत शिवणकामवाल्या ताईंनी पंख्याच्या पोटात तेल सोडलं. त्याच वेळी फाईल छातीशी धरून अधिकारी बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मिस्त्रींचा नियमच तसा होता. ज्यानं वस्तू उघडली त्यानं प्रत्येक गोष्ट इथल्या भाषेत मोठ्यानं बोलत करायची. हात चालला आणि तोंड बंद राहिलं, की हातातला पेचकस गेलाच म्हणून समजा. सारा जन्म पंपदुरुस्तीत घालवलेल्या माणसाला शिकवायची दुसरी तऱ्हा ठाऊक नव्हती. शाळेमागची एक खोली, चार टेबलं, गल्लीनं आणून टाकलेले बंद पडलेले पंखे नि मिक्सर, आणि परमुलखातून आलेली, 'हो-नाही'वर दिवस ढकलणारी माणसं, एवढ्यावर त्यांचं दुरुस्ती मंडळ उभं राहिलं होतं. खोलीचं भाडं सरकारी अनुदानातून जायचं. 'नवागतांना सामावून घेणाऱ्या स्थानिक मंडळांस साहाय्य' हे योजनेचं लांबलचक नाव मिस्त्रींच्या बायकोला तोंडपाठ होतं, कारण अर्ज भरायला खेटे तिनंच घातले होते.

यंदा अट एकच होती. पाहणीच्या दिवशी किमान दहा नवागत हजर हवेत. नाहीतर अनुदान बंद, म्हणजे खोलीही बंद. मिस्त्रींनी आठवडाभर एकेकाच्या मागे लागून चौदा जण गोळा केले होते. कशासाठी, ते मात्र सांगितलं नव्हतं. 'तुम्ही परके आहात हे दाखवायला या,' असं कोणत्या तोंडानं सांगणार? इथेच गडी फसला.

अधिकारी बाई पहिल्या टेबलापाशी गेल्या. तिथे मास्तर होते. स्वतःच्या देशात ते भूगोल शिकवायचे, इथे गोदामात खोकी उचलायचे.

"तुम्ही नवागत ना?"

"म्हणजे?"

"इथे नवीन. बाहेरून आलेले."

"मी? छे हो!" मास्तरांना ते चांगलंच झोंबलं. "तीन वर्षं झाली. या गल्लीतले अर्धे मिक्सर मी उघडलेत. नवीन माणूस हवा असेल तर तो कोपऱ्यातला बघा. गेल्या महिन्यात आलाय. अजून पान्याला हातोडी म्हणतो."

कोपऱ्यातला गृहस्थ लाजून हसला. बाईंनी फाईलीतल्या नवागतांच्या रकान्यात एक खूण केली.

मग ती साथच पसरली. जो तो 'मी नाही' म्हणून मान हलवायला लागला. मिस्त्री मागून डोळे वटारत होते, खाकरत होते, पण कुणाचं लक्ष असेल तर शपथ. बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं.

"अहो, काहीतरी बोला ना! हातची खोली जाईल."

एवढ्यात बाई ताईंसमोर पोचल्या. याच ताई पहिल्या दिवशी पिशवी मांडीवर घट्ट धरून दाराजवळ तासभर बसल्या होत्या आणि नाव विचारलं तर रडल्या होत्या.

"मी आले तेव्हा नवीन होते," ताई म्हणाल्या. "आता शेजारणीची इस्त्री बिघडली की ती माझंच दार वाजवते."

शेवटी बाई मिस्त्रींकडे आल्या. बाई तशा भल्या होत्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "तीनच भरतायत. पण प्रमुख म्हणून तुम्ही सही केलीत तर मी चौदाही धरते. इथे, या ओळीखाली."

मिस्त्रींनी चष्मा लावून ओळ वाचली. 'वरील व्यक्ती अद्याप स्थानिक समाजात मिसळलेल्या नाहीत.'

मास्तरांचा पेचकस हवेतच राहिला होता. ताई मिस्त्रींकडे बघत होत्या. सही केली तर खोली राहणार होती, आणि सही करायची होती ती या चौदा जणांच्या डोळ्यांदेखत.

"यांनी सांगितलं तेच लिहा," मिस्त्री म्हणाले. "तीन."

"विचार करा. अनुदान जाईल."

"जाऊ दे. हे मी लिहून देणार नाही."

बायकोनं डोळे मिटून घेतले. मग त्यांच्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "आणि पुढल्या महिन्यापासून बसायचं कुठे?"

"बघू," मिस्त्री म्हणाले. आयुष्यात इतका अभिमान त्यांना कशाचाच वाटला नव्हता.

बाईंनी फाईल मिटली. दारापर्यंत जाऊन त्या घुटमळल्या. "बसथांबा कुठल्या बाजूला? या भागात मी पहिल्यांदाच आलेय."

मिस्त्री तोंड उघडणार तोच ताई हात पुसत उठल्या.

"आमच्या शाळेला वळसा घाला, मग औषधाच्या दुकानापासून उजवीकडे. पण तिथे रस्ता खणलाय, तुम्ही चुकाल. चला, मीच येते."

मिस्त्री दारात उभे राहून बघत राहिले. ताई हातवारे करत, या घराचं त्या दुकानाचं काहीबाही सांगत पुढे चालल्या होत्या, आणि अधिकारी बाई त्यांच्यामागून, अर्धं पाऊल मागे राहून, ऐकत चालल्या होत्या.