मर्विनच्या खिशात गेलेला रस्ता

मित्रांनो, मी एक जुना पाथ आहे. पाथ म्हणजे रस्ता; पण माझ्यावर एकही खड्डा नाही, त्यामुळे वसई-विरारमध्ये मला रस्ता म्हणून कोणी मानत नाही. माणिकपूरला आलोशियस अंकलचं टायपिंगचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये, टेक्स्ट एडिटरच्या सेटिंगमधली मी एक ओळ. फाइल कुठे ठेवायची आणि कुठे शोधायची, हे मी ठरवतो.

मला घडवलं दुकानात टायपिंग करणाऱ्या मर्विनने. त्याने स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला आणि सेटिंगमध्ये लिहिलं, 'ई ड्राइव्ह, मर्विन फोल्डर'. तेव्हापासून दुकानातली प्रत्येक फाइल मी तिकडे पोचवायचो. लोक म्हणायचे, "कॉम्प्युटर काय मस्त चालतो!" कौतुक त्याचं, धावपळ माझी.

मर्विनच्या दुकानातल्या शेवटच्या दिवशी रोझलिन टीचर आल्या. चर्चच्या सणासाठी मुलांचं नाटक त्यांनी गावच्या बोलीत रचलं होतं. त्या सांगत गेल्या, मर्विनच्या जागी नवीन आलेली क्षितिजा टाइप करत गेली. सेव्ह झाल्यावर टीचरनी हातातले कागद फाडून टाकले. "आता कॉम्प्युटरात आहे ना!"

संध्याकाळी मर्विनने आपला पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि तो नायगावच्या नव्या नोकरीवर गेला. मला सांगितलंसुद्धा नाही.

सकाळी टीचर प्रिंट घ्यायला आल्या. क्षितिजा नाटक उघडू लागली. मी धावत ई ड्राइव्हकडे गेलो. ड्राइव्हच नाही! धापा टाकत परत आलो आणि पडद्यावर चौकट दाखवली: 'ई ड्राइव्ह, मर्विन फोल्डर, नाटक: सापडत नाही.' क्षितिजाने ओके दाबलं. मी पुन्हा धावलो, पुन्हा चौकट. आलोशियस अंकलनी ओके दाबलं, जरा जोरात. शेजारचा झेरॉक्सवाला रमेश आला. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि तज्ज्ञासारखं ओके दाबलं.

"उडवलंस ना?" अंकल म्हणाले.

"नाही अंकल, शप्पथ! सेव्ह केलं होतं."

"मर्विन होता तोवर काही गेलं नाही. तू आलीस नि गेलं. सोमवारपासून येऊ नकोस."

क्षितिजाचे डोळे भरले. तिने पुन्हा प्रयत्न केला, मी पुन्हा चौकट दाखवली. तिचं बोट ओकेवर गेलं.

"थांब गं बाय," रोझलिन टीचर म्हणाल्या. "उत्तर द्यायच्या आधी प्रश्न वाचायचा." त्यांनी चष्मा चढवला. "ई ड्राइव्ह... मर्विन... हा आपलाच मर्विन ना?"

त्यांनी लगेच मर्विनला फोन लावून पेन ड्राइव्हचं विचारलं. "टीचर, तो लॅपटॉपला लावलाय," मर्विन म्हणाला. "गाडीत गाणी ऐकायला जागा करतोय. फालतू फाइली उडवतोय."

"मर्विन! हात वर!"

तिकडे फोन खाली पडल्याचा आवाज आला. जुना विद्यार्थी होता.

तो जुन्या फाइलींपासून उडवत आला होता, म्हणून कालचं नाटक वाचलं. काही लग्नपत्रिका गेल्या. पण ती लग्नं आधीच झाली होती.

"सोमवारी वेळेवर ये," अंकल क्षितिजाकडे बघत पुटपुटले.

"आधी हे सेटिंग बदलते अंकल, मग सांगते."

तिने माझ्यातला जुना पत्ता पुसून मला दुकानातल्याच फोल्डरकडे वळवलं. पडद्यावर चौकट आली: 'फाइली यापुढे दुकानातल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या का?' ती तिने मोठ्याने, शेवटपर्यंत वाचली.

मित्रांनो, चौकट म्हणजे डास नव्हे, दिसली की मारायला. आमच्यासारख्यांना एकच वाक्य बोलता येतं. तेवढं तरी पूर्ण होऊ द्या.