कवळीचं लिक्विड

रोशनीने कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला आणि डोळे पुसत प्रणितकडे पाहिलं. हाच तो वास. पार्लरमधून घरी गेल्यावरही ओढणीतून जायचा नाही.

“हे कायचं हाय, प्रणितभाऊ?”

प्रणित चामोर्शीतल्याच एका दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायचा. पार्लरवाल्या चंचलताईचा लांबचा भाचा. अधूनमधून कॅन आणून ठेवायचा आणि चहा पिऊन जायचा. आज चंचलताई बाजारात गेली होती, म्हणून चहा रोशनीने दिला.

“तुमाले माहीत नाई?” तो हसला. “कवळीचं लिक्विड हाय. पावडरीत कालवलं का दगड होते. ताई म्हणे, काहीतरी चिटकवाले लागते.”

मग त्याची नजर टेबलावरच्या नकली नखांवर गेली, आणि तिथून रोशनीच्या बोटांवर. त्याने कप अर्धाच ठेवला.

“आमचे डॉक्टर तं याले उघड्या हातानं शिवू देत नाई,” एवढं बोलून तो गेला.

रोशनीच्या बोटांचे शेंडे भेगाळले होते. दोन नखं बोटापासून सुटत चालली होती. मागेच गडचिरोलीच्या चामडीच्या डॉक्टरने हात पाहिल्यावर आधी काम विचारलं होतं. हातमोजे घालून करीन म्हटलं तर म्हणाला, पातळ मोज्यातून ते आरपार जातं. अंगाने एकदा या मालाशी वैर धरलं की ते जन्मभराचं, उद्या दात भरायची वेळ आली तरी आधी सांगावं लागेल. काम सोड म्हणाला, आणि बाटलीवर नाव काय आहे ते बघून ये. ताई कॅनमधून ज्या बाटलीत ओतून ठेवायची, तिच्यावर नाव नव्हतं. काम सोडलं तर घर कशावर चालणार, हे त्याने विचारलं नव्हतं.

चंचलताई आल्यावर रोशनीने सरळ विचारून टाकलं. तिला वाटलं होतं ताई नाही म्हणेल, निदान गडबडेल तरी. ताईने पिशवीतली भाजी काढता काढता मान हलवली.

“बुढ्याबाढ्यांच्या तोंडात रात्रंदिवस राह्यते ते. मंग नखाले काऊन नाई चालत?”

रोशनीने सांगून पाहिलं. तयार कवळी वेगळी आणि हे ओलं लिक्विड वेगळं. या लिक्विडनं बसवलेलं नख कुठे अडकून उपटलं तर खालचं खरं नख घेऊनच निघतं, मागे एका बाईचं निघालं तेव्हा ताई स्वतः तिथे उभी होती.

“निघत नाई म्हणूनच तं बाया एटापल्लीहून इथी येऊन राह्यल्या,” चंचलताई म्हणाली. “तुले नाई जमत तं घरी बस. पण गिऱ्हाइकासमोर तोंड उघडलं, का दुसऱ्या दिवशी येऊ नको.”

रोशनीने टेबल पुसलं, टॉवेल बदलला. आता जी येईल तिला सांगायचं, मग जे व्हायचं ते होवो, असं तिने मनाशी पक्कं केलं.

दुपारी दिव्यानी आली. सोबत तिची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, मनकर्णाबाई. दिव्यानीचं साक्षगंध, साखरपुडा, परवावर आला होता. मुलगा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, त्याला सुट्टी आत्ताच मिळाली म्हणून धानाच्या भर रोवणीत कार्यक्रम धरलेला. मनकर्णाबाई धानाच्या बांधीतूनच आली होती, चिखलाचे पाय दाराशी धुऊन.

“दहा बोटं रंगवाले इतका वेळ?” ती टेकताच म्हणाली. “तेवढ्यात अर्धी बांधी रोवून होते.”

दिव्यानी लाजली. रोशनीने तिचा हात टॉवेलवर घेतला. नखं छोटी, गुलाबी, कुठे डाग नाही. बोलायचं ते रोशनीने जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडणार तोच दिव्यानीने हात मागे ओढला.

“ताई, हे काय झालं तुमच्या हाताले?”

आता तर सांगणं आणखी सोपं होतं. मागे चंचलताई दुसऱ्या एका बाईच्या भुवया करत होती. आरशातून तिने पाहिलं. हातातला धागा थांबला नाही.

“रोवणीले जाते ना ती,” ती म्हणाली. “चिखल्या हायेत.”

रोशनी तीन वर्षांत बांधीत उतरली नव्हती. आईच्या बोटांच्या सडलेल्या बेचक्या पाहूनच ती मोबाइलवर बघून बघून हे काम शिकली होती. आपले हात असे होऊ देणार नाही, असं आईच्या तोंडावर बोललीही होती.

मनकर्णाबाईने तिचा हात हातात घेतला. तिच्याही बेचक्या पाण्याने पांढऱ्या पडल्या होत्या.

“हळद-तेल लावत जा, माय,” ती हळू आवाजात म्हणाली. “इतकं होईस्तोवर राह्यली कशी? कोनाच्या बांधीत जाते?”

धागा थांबला.

“वारलूभाऊच्या,” रोशनी म्हणाली.

दिव्यानीने श्वास सोडला. “मले वाटलं इथल्याच औषधानं झालं.” तिने दोन्ही हात टॉवेलवर पसरले. “लंबे करा, ताई. माजरीले जाईपर्यंत टिकाले पाहिजेत.”

डोळे झोंबतात म्हणून मनकर्णाबाई उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. रोशनीने ब्रश लिक्विडात बुडवला.