भीमपलासातले अकरा सेकंद

मला खराब आवाज खपत नाय. माणूस खराब असला तर एक वेळ चालवून घेईन, आवाज नाय. रोह्याला लागून अष्टमी गाव, तिथे माझ्या ब्लॉकवर दर रविवारी सकाळी सात-आठ जण गाणं ऐकायला जमतात. त्यातला कुणी मोबाईल काढून राग ऐकवायला लागला की मी सरळ सांगतो, "बंद कर ते, पत्र्यावर खडे पडतायत." बायको म्हणते, या तोंडापायी एक दिवस कुणी फिरकणार नाय. पण येतात. एकाच गवयाची, एकाच रागाची पाच रेकॉर्डिंगं समोर असली तर त्यातलं कुठलं घ्यायचं, हे रोह्यात या रघूशिवाय कोण सांगणार?

रीत साधी हाय. पहिलं मिनिटभर नुसता तंबोरा ऐकायचा. चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या तर पुढे जायचं, नायतर तिथेच राम राम. मग डग्गा. तो पोटात घुमला पाहिजे, टेबलावर थापा मारल्यासारखा वाजता कामा नये. मग मागे कोण खोकतंय, कोण खुर्ची ओढतंय ते बघायचं. गवयाचं नाव मोठं म्हणून घेऊ नका, माईक कुठे ठेवला होता ते विचारा. हे मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या रविवारच्या मंडळींना पाठ झालंय.

हे ऐकणं मला शिकवलं पेणच्या विष्णुमास्तरांनी. आम्ही खारेपाटातली माणसं, आईबाप मिठागरावर कामाला. नववीत गणितात गटांगळ्या खात होतो म्हणून बापाने मास्तरांच्या घरी शिकवणीला घातलं. गणित जेमतेम आलं, पण शिकवणी संपल्यावर मास्तर गायला बसायचे ते ऐकत मी तिथेच रेंगाळायचो. एकदा त्यांनी मला सा लावायला सांगितला आणि पोट धरून हसले. "गळ्यात मिठाचा खडा बसलाय रे तुझ्या! पण कान झकास आहेत. तू ऐकायला येत जा." पुढे पन्नास वर्षं मी ऐकायला जात राहिलो.

काकू म्हणजे आनंदीबाई, मास्तरांच्या मंडळी. त्या बाहेर येऊन बसल्याचं मला आठवत नाय. त्या आतच असायच्या. मास्तर त्यांना "अगो" म्हणायचे, फार झालं तर "हेमांगीची आई". त्या पिढीत असंच होतं, त्यात कुणाला काय वाटायचं नाय.

नोकरी मला धाटावला लागली, केमिकल कंपनीत. मीटर, गेज, वॉल्व्ह यांची दुरुस्ती. चौतीस वर्षं केली. तिथली एक सवय हाडात मुरली ती सांगतो, कारण तिनेच घात केला. प्लांटच्या नकाशात सुधारणा झाली, नवीन प्रत आली, की जुनी त्याच क्षणी फाडायची. जुनी राहिली तर रात्रपाळीचा एखादा तीच बघून भलता वॉल्व्ह फिरवेल आणि सगळे वर जातील. एक काम, एक प्रत. निवृत्त झालो तरी घरात माझं हेच. विजेच्या बिलापासून लग्नाच्या यादीपर्यंत.

मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. यंदा त्यांच्या स्मृतिदिनाला पेणच्या संगीत मंडळाने ठरवलं, मास्तरांच्या घरात पडलेल्या कॅसेटमधून दहा चांगल्या निवडायच्या, साफ करायच्या आणि पेन ड्राइव्हवर घालून लोकांना द्यायच्या. मंडळाचा सेक्रेटरी निमिष मला म्हणाला, "रघूकाका, निवड तुमची. आम्ही कुणी मधे बोलणार नाही." मी म्हटलं, "बोललात तरी मी ऐकणार नाय." छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

काकूंनी कॅसेटचा खोका माझ्यापुढे ठेवला. गणपतीच्या कारखान्यातून आणलेला, आत अजून पेंढा होता. त्रेचाळीस कॅसेट. बऱ्याच बुरशीने पांढऱ्या पडलेल्या. घरातला टेपरेकॉर्डर बिघडून बारा-तेरा वर्षं झाली होती, तेव्हापासून त्या कुणी वाजवल्या नव्हत्या. मी खोका दोरीने बांधायला लागलो तेव्हा काकूंनी त्यातली एक वर काढली. वर मास्तरांच्या अक्षरात लिहिलेलं, भीमपलास, घरी, १९९१.

"रघू, ही मात्र नक्की घे हो."

"का काकू? काय विशेष?"

त्यांनी पदर सारखा केला. "काही नाही रे. हिच्यात... बरे गायलेत ते."

एवढंच बोलल्या. मी पुढे विचारायला हवं होतं. ऐंशीच्या घरातली बाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागते, मधेच अडखळते, आणि मी मात्र गाडीची वेळ बघत होतो.

अष्टमीला घरी आल्यावर मी कामाला बसलो. एकेक कॅसेट उघडायची, बुरशी पुसायची, फीत दुसऱ्या कॅसेटच्या कवचात घालायची, डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, बारीक पेचकसाने जुळवायचं, मग वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायची. त्रेचाळीसमधल्या पंधरा तर वाजल्याच नाहीत. उरलेल्यांतून माझ्या रीतीने निवडलं. सभागृहातल्या सहा चांगल्या निघाल्या, तीन बऱ्या. घरी केलेल्या सगळ्या बाद. टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवायचा नि बटण दाबायचं, हे काय रेकॉर्डिंग झालं? दुसऱ्या कुणाची असती तर भीमपलास मी अर्ध्या मिनिटात बंद केली असती. पण काकूंचा शब्द होता. म्हणून ठेवली, आणि स्वतःशी म्हटलं, आता ही अशी करून देतो की काकू बघतच राहतील.

ती कॅसेट एकदाच वाजली. फीत मागे घेताना चिकटली, आणि तिच्यावरचा तपकिरी थर सुटून हेडवर आला. फीत कायमची गेली. मला त्याचं काय वाटलं नाय. घेतलं होतं ना कॉम्प्युटरवर!

चार दिवस त्या एका रागावर बसलो. आधी खरखर काढली. मग एसटीचा हॉर्न. मग कावळे. विसाव्या मिनिटाच्या पुढे एका जागी सगळा सावळागोंधळ होता. मास्तर एका अवघड सुरावटीच्या जागी येऊन अडले, पुन्हा तीच जागा घेतली, पुन्हा अडले. मग आतून कपबशा वाजल्या, कुणी बाई काहीतरी गुणगुणली, मास्तर काहीतरी बोलले आणि पुढे गायला लागले. सगळे मिळून अकरा सेकंद. ते मी कापले. दोन्ही टोकं अशी जुळवली की तबल्याची मात्रासुद्धा चुकली नाय. त्या सांध्यावरून मी पंधरा वेळा पुढेमागे केलं असेल. कुठे टक्‌ वाजतंय का, तंबोरा तुटतोय का. नाय! कापलंय हे मलाच ओळखू येईना. खुर्चीतून उठून मी स्वतःला शाबास म्हटलं, हो, मोठ्याने म्हटलं.

मग नेहमीची रीत. पक्की प्रत झाली, आधीची पुसली. कॉम्प्युटरवरच्या कच्च्या फाईली गेल्या. वाजून झालेल्या कॅसेट नगरपालिकेच्या सुक्या कचऱ्यात गेल्या. टेबल कसं लख्ख झालं.

कार्यक्रमाच्या आधी काकूंना ऐकवावं म्हणून गेल्या बुधवारी दुपारी मी पेणला गेलो. रोह्याहून मेमू गाडी पकडली, मांडीवर माझा चांगला स्पीकर, पोरासारखा धरून बसलो होतो. काकूंनी दार उघडलं. इस्त्रीचं पातळ नेसल्या होत्या. "भीमपलास आहे ना रे त्यात?" पाणी द्यायच्या आधी त्यांनी हेच विचारलं.

"हाय म्हणजे काय! तोच पयला लावतो."

लावला. मास्तरांचा आवाज त्या खोलीत असा उभा राहिला की माझ्याच अंगावर काटा आला. काकू झोपाळ्यावर बसल्या होत्या, पाय जमिनीला टेकवून, झोपाळा हलू नये म्हणून. मी त्यांच्याकडे बघत होतो, आता शाबास म्हणतील, आता म्हणतील. विसाव्या मिनिटाला त्या पुढे वाकल्या. डोळे मिटले. ती जागा आली, आणि मास्तर न अडता सरळ पुढे गेले. काकूंनी डोळे उघडले.

"परत लाव जरा. मागचं."

मी लावलं. त्यांनी पुन्हा ऐकलं.

"इथे ते काहीतरी बोलले होते ना रे?"

"व्हय तर!" मी म्हटलं, आणि अजून त्या आवाजातली माझी खुशी आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. "बोलले होते, कपबशा होत्या, मागे कुणी गुणगुणत होतं. सगळं काढलं काकू. कुठे कापलंय ते सांगून दाखवा!"

काकूंनी झोपाळ्याची कडी धरली. मग हळू म्हणाल्या, "ती गुणगुणणारी मी होते."

मी स्पीकर बंद केला.

"त्यांना ती जागा सापडत नव्हती," काकू म्हणाल्या. "मी आत चहा ओतत होते. रोज ऐकून ऐकून मला ती येत होती रे. नकळत तोंडातून गेली. मला वाटलं, आता रागावणार. तर थांबले, आणि 'वा, आनंदी' म्हणाले." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाय, भिंतीकडे बघत राहिल्या. "बावन्न वर्षांत तेवढं एकदाच नाव घेतलं त्यांनी माझं. टेप चालू होता म्हणून राहिलं. घरात कुणी नसलं की मी लावायचे. मग तो टेप बिघडला. दुरुस्त करून आण म्हणून सांगायचं कुणाला, आणि का म्हणून सांगायचं?"

"काकू, मला सांगायचं होतंत हो," मी म्हटलं.

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. "मूळची असेल ना तुझ्याकडे? ती दे. खरखर असू दे."

मूळची. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबापुढे कधी मान खाली घातली नाय. त्या दुपारी काकूंपुढे फरशीकडे बघत सांगितलं, फाईल पुसली, कॅसेट फेकली. काही ठेवलं नाय. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रडल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, जशी वर्गातल्या पोराची चूक बघून मास्तर हलवायचे.

मी स्पीकरची वायर गुंडाळायला लागलो. मग काकू म्हणाल्या, "पण तू तर ऐकलं असशील ना?"

"काय काकू?"

"ते कसं म्हणाले ते. शब्द माझ्या लक्षात आहेत रे, आवाज लक्षात नाही राहिला. बारा वर्षं झाली. हसत म्हणाले होते की नुसतंच? 'आनंदी' लांबवलं होतं का? तुझे कान एवढे चांगले. हे नेहमी सांगायचे, रघूने एकदा ऐकलं की ते त्याच्याकडे राहतं."

पंधरा वेळा मी ते पुढेमागे केलं होतं. पंधराही वेळा मास्तर माझ्या कानाशी बोलले होते. मी आठवायला लागलो. सांधा आठवला, तबल्याची मात्रा आठवली, पडद्यावरची आवाजाची रेघ कुठे उंच झाली होती तीही आठवली. मास्तर काय बोलले ते मी ऐकलंच नव्हतं. टक्‌ वाजतंय का, तेवढंच ऐकलं होतं.

हे काकूंना सांगायची माझी छाती झाली नाय.

"म्हणून दाखव ना," काकू म्हणाल्या. "येईल तसं."

काकूंना नावाने हाक मारायची? मी? त्या पुढे वाकून बसल्या होत्या, डोळे मिटून, मघाशी स्पीकरपुढे बसल्या होत्या तशाच. मी मास्तरांचा आवाज डोक्यात धरला आणि म्हणालो, "वा, आनंदी."

त्यांनी मान किंचित कलती केली. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "नाही रे. असं नव्हतं."

मी पुन्हा म्हणालो.