दाराखालचा त्रिकोण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. आकाराने त्रिकोणी, स्वभावाने जरासा तिरकस! पण आज मला आनंदाने नुसते नाचावेसे वाटते आहे.

नाशिकच्या अन्सार सुतारांनी उरलेल्या सागवानातून बालवाडीसाठी ठोकळे कापले. तेव्हा मी आणि माझा भाऊ मिळून एकच चौकोन होतो. करवत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली आणि एकाचे दोन झालो. मुले घर बांधत, तेव्हा सर्वांत वर आम्ही! काय आमचा तोरा! पुढे त्यांना उंच मनोऱ्यांचे वेड लागले. आमच्या डोक्यावर काही टिकेना. भाऊ खोक्याच्या तळाशी गेला आणि मी दाराखाली पाचर म्हणून. दार मी इमानाने धरले, पण आतला खेळ ऐकून जीव तुटायचा.

आज पाच वर्षांची अफरीन एसटी स्टँड बांधत होती. तिची अम्मी, हमीदा, रोज एसटीने ओझरला कामाला जाते. तिला न्यायला अम्मी येईपर्यंत स्टँड उभा राहायलाच हवा होता. पण एका भिंतीला दोन चौकोन, दुसरीला एकच. छपराची फळी घसरून खेळण्यातल्या लाल बसवर आदळली.

"चौकोन संपले. आता नाही होणार," शेजारी खेळणारा शाहनवाज म्हणाला.

अफरीनचे डोळे भरले. बालवाडीच्या स्नेहाताई पुढे आल्या. "दे, मी करून देते."

"ताई, थांबा ना! मीच करणार."

ताईंनी हात मागे घेतला. अफरीनने खोके पालथे केले. भाऊ सापडला! तिने त्याला एकट्या चौकोनावर ठेवले. फळी तिरकी झाली. तिने रिकाम्या जागेवरून बोट फिरवले. "असाच अजून एक पाहिजे."

आणि तिने दाराकडे पाहिले. माझ्याकडे!

तिने मला ओढले, दार धाडकन लागले. मला उभे केले, आडवे केले, उलटे केले. मग माझी तिरकी बाजू भावाच्या तिरक्या बाजूला टेकली. चौकोन! आम्ही पुन्हा चौकोन झालो! फळी सपाट बसली, बस आत शिरली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "अफरीन, दार कुणी लावलं गं?"

"अम्मी, लवकर ये! तुझी बस आली!"

मित्रांनो, अडगळीतला ठोकळा टाकू नका. मूल अडले, तर आपला हात क्षणभर मागे ठेवा. आणि दाराला आता दगड लावा. माझ्या डोक्यावर छप्पर आहे, मला हलता येत नाही!