काट्यावरचा ताईत

झरीच्या वजनकाट्यावर त्या सकाळी सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग पार फाट्यापर्यंत गेली होती आणि कुणालाच घाई नव्हती. घाई कशाला असेल? फुकटात चमत्कार बघायला मिळत होता. काट्याच्या खोलीत यंत्रनाथ महाराज संगणकाला ओवाळत होते.

"हे यंत्रदेवते, डोळे उघड! डाउनलोड हो, अपलोड हो, डिस्कमधली पीडा चालती हो!"

खिडकीला लोंबकळलेल्या सूर्यभाननं भक्तिभावानं हात जोडले. त्याच्या विहिरीवरची मोटार म्हणे महाराजांच्या अंगाऱ्यानं सुरू झाली होती. त्याच दिवशी गावात लाइट आली होती, हे तो सांगायचं विसरायचा.

कोपऱ्यात महानंदा उभी होती. महिला बचत गटाचा हा काटा पहिल्या दिवसापासून तीच चालवायची. गेल्या आठवड्यात वीज कडाडली आणि संगणकाची डिस्क जळाली. परभणीच्या मेकॅनिकनं दुसरी बसवली, पण वजन दाखवून पावती छापणारं सॉफ्टवेअर काही केल्या बसेना. दरवेळी पडद्यावर तीच पाटी यायची: 'ही आवृत्ती या संगणकाच्या जुन्या प्रणालीवर चालत नाही.' कंपनीला फोन लावला तर नुसतं संगीत ऐकू यायचं.

अशात महाराज पुतण्या चंद्रभानला घेऊन हजर झाले आणि आल्या आल्या निदान करून मोकळे झाले.

"मशीनला विटाळ झालाय. बाईचा हात लागायलाय रोज, आन् ही चार दिवस पाळत न्हाई. ताईत लावतो, चालू हुईल. पन आजपासून खुर्चीवर चंद्रभान बसंल."

महानंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खुर्ची तिनं शिकून, धडपडून मिळवली होती. तिनं गटाच्या अध्यक्षांकडं, म्हणजे आपल्या सासूकडं, पार्वतीबाईंकडं पाहिलं. पार्वतीबाई बाहेरची रांग आणि आभाळातले ढग बघत होत्या. "आधी मशीन तर चालू हुंद्या," एवढंच त्या म्हणाल्या.

महाराजांनी काळ्या कापडात गुंडाळलेला बोटाएवढा ताईत काढला. सगळ्यांना डोळे मिटायला लावले. ते संगणकाच्या पाठीमागं वाकले, चंद्रभाननं माउसवर अंगारा चोळला, घंटा खणखणली. लोकांनी डोळे उघडले तर काय! पडद्यावर ट्रॅक्टरचं वजन झळकत होतं आणि पावती छापून बाहेर येत होती. जयजयकारानं पत्रे हादरले.

महानंदानंही डोळे मिटले होते, पण कान उघडे ठेवले होते. घंटेच्या आधी संगणक 'टुंग' असा वाजला होता. पेनड्राइव्ह लावला की तो असाच वाजतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"महाराज, ताईत मागं कशाला? दाराला बांधा की, समद्यांना दर्शन हुईल."

"दाराला चालत न्हाई. देवता पाठीमागून येती."

"मग प्रिंटरला बांधा. ताकद ताइतात हाय ना?"

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. महाराज खवळले. "विटाळशी बाई देवाला जाब विचारायलीय! पार्वतीबाई, सुनेला आवरा!"

पार्वतीबाईंचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला.

"महाराज, आमच्या लिंगायतांच्या घरात विटाळ कवापासून आला? त्या चार दिवसांत बी आमी लिंगपूजा करताव. देवाला चालती ती सून मशीनला चालत न्हाई व्हय? रांग बघून मी गप बसले, चुकलं माजं. महानंदा, काढ तो ताईत."

महानंदानं ताईत उपसला. आकडा गायब झाला. "बघा, कोप झाला!" महाराज ओरडले. महानंदानं कात्रीनं दोरा कापला, कापड सोडलं. आत पेनड्राइव्ह होता. तो तिनं तसाच उघडावाघडा लावला आणि एकदा माउस दाबला. ना मंत्र, ना घंटा. आकडा पुन्हा आला!

"ही जुनी आवृत्ती हाय," पडद्याच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा नंबर दाखवत ती लोकांना म्हणाली. "आपला संगणक जुना, म्हणून नवी चालंना. पाटी खरं तेच सांगत हुती. चंद्रभानभाऊ, तुमी परभणीच्या दुकानात हेच काम शिकलाव ना? सरळ सांगितलं असतं तर आमी तुमचा सत्कार केला असता."

चंद्रभान हळूच दाराकडं सरकला. महानंदानं इंटरनेटवर कंपनीचं पान उघडलं, खाली सरकत गेली. अगदी तळाशी 'जुन्या आवृत्त्या' असं लिहिलेलं होतं. थोड्या वेळात सॉफ्टवेअर बसलं, आणि तिनं पेनड्राइव्ह महाराजांच्या हातात ठेवला.

तोवर वजन झालेला ट्रॅक्टर उतरला होता. महाराज तडक निघाले ते नेमके काट्याच्या रिकाम्या लोखंडी फळीवरून. पडद्यावर ऐंशी किलो उमटले. "महाराज, पावती न्या की!" सूर्यभान ओरडला, आणि सगळी रांग खो खो हसली.

यंत्र रुसत नाही, कोपत नाही, त्याला बाई-पुरुष कळत नाही. ते बंद पडतं ते काहीतरी कारणानं, आणि ते कारण शोधता येतं. म्हणून कुणी डोळे मिटा म्हणालं, की आपण ते उघडे ठेवावेत आणि खुशाल प्रश्न विचारावेत.

पार्वतीबाईंनी पदरानं खुर्चीवर सांडलेला अंगारा झटकला.

"बस बाई," त्या म्हणाल्या. "पाऊस यायच्या आत रांग संपव."